मातेच्या कर्तृत्वाचे माप : एक ऐतिहासिक विचार

समाजमाध्यमांवर इतर मातांचे नीटनेटके संसार व हसरी बालके पाहून आपण उणे आहोत, असे अनेक मातांना वाटते. या अनुभवाविषयी सामान्यतः दोन मते मांडली जातात. एका मतानुसार ही सर्वस्वी नव्या यंत्राने निर्माण केलेली व्याधी आहे. दुसऱ्या मतानुसार शेजारणीशी तुलना ही जगाइतकीच जुनी गोष्ट असून तीत नवे असे काहीच नाही. ही दोन्ही मते अपुरी आहेत. मातेच्या तुलनेलाही इतिहास आहे, आणि तो पाहिल्यावाचून आजच्या तुलनेचे वेगळेपण उमगत नाही. त्या इतिहासातील एका प्रकरणाचा विचार येथे करावयाचा आहे.

इ. स. १९११ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्याच्या कृषिप्रदर्शनात मेरी वॉट्स व डॉ. मार्गारेट क्लार्क यांनी बालकांची एक स्पर्धा भरविली. गुरांची पारख ज्या पद्धतीने होई, तिच्याच धर्तीवर बालकाची मोजमापे घेऊन, शरीराची तपासणी करून व दोषांबद्दल गुण वजा करून गुणपत्रिका भरली जाई. यामागील हेतू हीन नव्हता. त्या काळी अमेरिकेत जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी सुमारे १०० पहिल्या वर्षाच्या आत दगावत. डुकरांच्या निगेसाठी शास्त्राचा आधार घेणाऱ्या शेतकऱ्याने मुलांच्या बाबतीतही तसेच करावे, हा विचार या उपक्रमाच्या मुळाशी होता. १९१३ पासून एका लोकप्रिय स्त्रीमासिकाने ही चळवळ उचलून धरली आणि ती देशभर पसरली.

गुणपत्रिकेवर नाव बालकाचे असे. परंतु तिच्यातील निकाल मातेच्या पदरी पडे. तत्पूर्वी चांगली आई कोण, हे सासर, माहेर व शेजार ठरवीत. तो निवाडा अनेकदा निष्ठुर असे. तथापि निवाडा करणाऱ्यांना त्या घराची परिस्थिती ठाऊक असे. आता परका परीक्षक आला आणि निवाड्याला आकड्याचे रूप मिळाले. रिमा ॲपल यांनी ज्याला ‘शास्त्रीय मातृत्व’ म्हटले आहे, त्या विचारसरणीत मातेवर बालसंगोपनाची संपूर्ण जबाबदारी होती, परंतु स्वतःच्या निर्णयावर विसंबण्याची तिला मुभा नव्हती.

या मापाची एक काळी बाजूही होती. बालकाची तपासणी करण्यापूर्वीच निम्मे गुण आनुवंशिकतेला द्यावेत, असा सल्ला सुप्रजननवादी चार्ल्स डॅव्हनपोर्ट यांनी वॉट्सबाईंना दिला होता. १९२० साली कॅन्सस राज्यात संपूर्ण कुटुंबांचीच स्पर्धा सुरू झाली. इंडियाना राज्यात १९२० ते १९३२ पर्यंत चाललेल्या बालस्पर्धांत कृष्णवर्णीय बालकांना प्रवेशच नव्हता. तुलनेत कोणास घ्यावयाचे व कोणास वगळावयाचे, हा निर्णयही मापाचाच भाग असतो, हे यावरून स्पष्ट व्हावे.

महाराष्ट्रातील वाचकास हे चित्र अगदीच अपरिचित वाटणार नाही. सुदृढ बालक स्पर्धा आपल्याकडेही भरत आल्या आहेत. मुलाने बाळसे धरले नाही, असे म्हटले जाते तेव्हा वाक्याचा कर्ता मूल असते. बोल मात्र आईला लागतो.

लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ साली सामाजिक तुलनेचा सिद्धांत मांडला. वस्तुनिष्ठ माप उपलब्ध नसेल तेथे माणूस स्वतःची पारख इतरांशी, विशेषतः आपल्यासारख्यांशी ताडून करतो, हे त्याचे सार होय. मातृत्वाला तर वस्तुनिष्ठ माप नाहीच. फेसबुक २००४ साली व इन्स्टाग्राम २०१० साली सुरू झाले, ते याच रिकाम्या जागेत शिरले. समाजमाध्यमांवर वारंवार तुलना करणाऱ्या मातांत पालक म्हणून स्वतःच्या क्षमतेविषयीचा विश्वास कमी व खिन्नता अधिक आढळते, असे सारा कॉइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखविले. अर्थात हा सहसंबंध आहे. तुलनेने खिन्नता येते की खिन्न मनच तुलनेकडे वळते, याचा उलगडा त्यावरून होत नाही.

तथापि इतिहासाच्या दृष्टीने दोन्ही काळांतील भेद ठळक आहेत. स्पर्धेतील माप जाहीर असे. गुण कशासाठी कापले गेले, हे मातेला कळे. आजचे माप कोठेही लिहिलेले नाही. प्रदर्शन आटोपले की तुलनाही आटोपे. आजच्या तुलनेला समारोप नाही. प्रदर्शनाच्या मंडपात रडणारी, हरलेली बालकेही दिसत. आज प्रामुख्याने जिंकलेला क्षणच समोर येतो. शिवाय राणीच्या मुलाशी कोणी आपल्या मुलाची तुलना करीत नाही. पडद्यावरील माता मात्र आपल्याच वयाची, आपल्याच वयाच्या मुलाची आई असते. तिच्या घरातील मोलकरीण, मिळकत वा आजीचा आधार चित्रात येत नाही. साम्याचा हा आभासच अधिक बोचतो.

म्हणून गुणपत्रिकेचा काळ बरा होता, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. जाहीर मापाने अन्याय केला, तो शास्त्राच्या नावाने केला. अभ्यासकाने प्रत्येक मापाविषयी तीन प्रश्न विचारावेत : ते कोणी ठरविले, त्यातून कोणास वगळले, आणि ते केव्हा संपते? ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३ साली ‘पुरेशी चांगली माता’ ही कल्पना मांडली. आरंभी बालकाच्या गरजांशी जवळजवळ पूर्णपणे जुळवून घेणारी आई पुढे त्याच्या वाढत्या शक्तीनुसार थोडी थोडी कमी पडत जाते, आणि त्या कमी पडण्यातूनच मूल जगाशी जुळवून घेण्यास शिकते, असे त्यांचे प्रतिपादन होते. या कल्पनेत पहिल्या क्रमांकाला जागा नाही. मातेच्या आत्मसन्मानाचा विचार करताना संशोधकांनी याच ठिकाणाहून आरंभ करणे उचित होईल.