लोणारचा खार आणि वऱ्हाडचे काच-मातीचे कारागीर



मी शिकलेला मनुष्य नव्हे. जिनिंग-प्रेसिंगच्या कामगारांची वर्गणी गोळा करता करता आणि मजुरीच्या दरांवर भांडता भांडता जे वाचन घडले, तेवढीच माझी विद्या. इतिहासावर बोलण्याचे निमंत्रण आले तेव्हा मी म्हणूनच संकोचलो. पण एक विषय बरीच वर्षे मनात घोळत होता. लोणारचे सरोवर आपण सर्वांनी पाहिले आहे. उल्केचा आघात, दैत्यसूदनाचे मंदिर, लवणासुराची कथा, २०२० च्या जून महिन्यात गुलाबी झालेले पाणी, हे सारे आपणांस ठाऊक आहे. त्या पाण्यातल्या खारावर ज्यांनी पोट भरले, त्या माणसांविषयी मात्र आपण क्वचितच बोलतो. आज त्यांच्याविषयी बोलावयाचे आहे.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’ लिहिली. तीत वऱ्हाड सुभ्याची माहिती देताना लोणारचा उल्लेख येतो. काच आणि साबण करण्यास लागणारी द्रव्ये येथे निघतात आणि त्यापासून सरकारला चांगला महसूल मिळतो, असे तो नमूद करतो. दिल्ली-आग्ऱ्याच्या दरबाराला आपल्या मेहकरकडच्या या खड्ड्याची दखल घ्यावीशी वाटली ती देवळासाठी जितकी, तितकीच या उत्पन्नासाठी. महसूल लिहिला गेला. चिखलात उतरून खार काढणारा लिहिला गेला नाही. यात अबुल फजलचा विशेष दोष आहे असे मी म्हणणार नाही. आमच्या गिरण्यांचे हिशेबही याच धर्तीवर लिहिलेले मी पाहिले आहेत.

काचेला खार कशासाठी लागतो, ते थोडक्यात सांगतो. काच म्हणजे मूळची वाळू. परंतु नुसती वाळू वितळवावयाची तर सुमारे सतराशे अंश उष्णता हवी, आणि लाकडा-कोळशाच्या गावठी भट्टीला ती झेपत नाही. वाळूत खार मिसळला की ती पुष्कळच कमी उष्णतेवर पाझरू लागते. जोडीला थोडा चुना हवा, नाहीतर ती काच पाण्यात विरघळेल. लोणारची गंमत अशी की तेथे निसर्गाने स्वतःच एकदा काच करून दाखविली आहे. उल्का आदळली तेव्हाच्या उष्णतेने काळा कातळ वितळला आणि त्याचे काचेचे बारीक गोल मणी होऊन मातीत पडले. १९७० नंतर परदेशी आणि भारतीय शास्त्रज्ञांनी ते तपासले, आणि चंद्रावरून आणलेल्या द्रव्याशी त्यांची तुलना केली. हजारो वर्षांनी त्याच खड्ड्यातला खार घेऊन माणूस भट्टीपुढे बसला, त्याला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

उन्हाळ्यात पाणी मागे हटले की काठावर खाराचे थर उघडे पडत. ते गोळा करणाऱ्यांनी त्यांना वेगवेगळी नावे दिली होती : डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. इंग्रजी अमदानीतल्या भूगर्भशास्त्रज्ञांच्या लिखाणात ही नावे आढळतात. मी ती प्रथम वाचली त्या दिवशी मला फार आनंद झाला. कारण ही नावे पंडितांनी दिलेली नाहीत. ज्याचा हात रोज त्या थरावर पडतो, जो बोटाने चुरून, जिभेला लावून प्रत ओळखतो, त्याचीच ही भाषा आहे. कापसाच्या गंजीतून मूठभर कापूस ओढून धाग्याची लांबी सांगणारे आमचे हमाल मी पाहिले आहेत. ही विद्या त्याच जातीची. माणसांची नावे बुडाली, त्यांचे शब्द तेवढे तरले. हा खार बांगड्यांना गेला, साबणाला गेला, कापड रंगविण्यास गेला, आणि आपल्या घरच्या पापडांतही गेला.

बांगडी कशी होत असे, हेही ऐकण्यासारखे आहे. मातीच्या मुशीत काच वितळवायची. लोखंडी सळईच्या टोकावर तिचा लहानसा गोळा घ्यायचा, त्याला भोक पाडून तो गरगर फिरवायचा आणि मातीच्या शंकूवर चढवून हवा तेवढा रुंद करायचा. म्हणजे भट्टी मातीची, मूस मातीची, शंकू मातीचा. काचाऱ्याचा धंदा मातीवाचून एक दिवस चालला नसता. आपल्या समाजाने मात्र त्यांच्या जाती दोन केल्या.

हा धंदा मोडला तो आळसाने नव्हे. १८६० नंतर युरोपात मिठापासून स्वस्त सोडा करण्याची सॉल्वेची रीत निघाली. ऑस्ट्रियाच्या आणि पुढे जपानच्या बांगड्या आपल्या बाजारांत आल्या. गावठी भट्ट्या त्यांच्यापुढे टिकणे शक्य नव्हते. याला उत्तर देण्याचा मराठी माणसाने केलेला प्रयत्न म्हणजे पैसा फंड. अंताजी दामोदर काळे यांनी दारोदार एकेक पैसा मागितला, टिळकांनी पाठबळ दिले, आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना उभा राहिला. परदेशी शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तो चालू केला. तेथे शिकलेले कारागीर पुढे देशभर पसरले. अंताजीपंतांचे नाव राहिले, वार्ष्णेयांचे राहिले, आणि ते योग्यच आहे. परंतु भट्टीच्या धगीत ज्यांनी फुंकनळी तोंडाला लावली, त्यांच्यापैकी एकाचे तरी नाव या सभेत कोणी सांगेल काय?

मातीची कथा याहून जुनी आहे. संग्रामपूर तालुक्यात पूर्णेच्या काठी भोन गाव आहे. या शतकाच्या आरंभी डेक्कन कॉलेजने तेथे उत्खनन केले, तेव्हा विटांचा स्तूप निघाला आणि भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून बांधलेल्या विहिरी निघाल्या. दोन हजार वर्षांपूर्वी कुंभाराने ते गाव पाण्यासाठी सांधले होते. आज ती जागा जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात धरलेली आहे. कुंभारांत एकच नाव आपल्या तोंडी आहे, तेरच्या गोरोबाकाकांचे. पण तेही भक्तीमुळे. त्यांनी घडविलेले मडके कसे होते, हे कोणी विचारीत नाही.

हे असेच चालावयाचे, असे मानण्याचे मात्र कारण नाही. अमेरिकेच्या नैर्ऋत्येस नवाहो नावाचे आदिवासी लोक आहेत. त्यांची मडकी चाकावाचून, मातीच्या वळकट्या रचून होतात आणि भाजल्यावर गरम असतानाच त्यांना पाइनच्या जातीच्या झाडाचा चीक चोपडतात. या समाजातली क्रिस्टीन मॅकहॉर्स ही बाई १९४८ साली जन्मली. अभ्रकमिश्रित मातीचे काम ती नवऱ्याच्या आजीपाशी शिकली. पुढे तिने काळ्याभोर, वळणदार अशा आकृती घडविल्या की त्यांना भांडे म्हणावे की शिल्प असा प्रश्न पडावा. त्या वस्तुसंग्रहालयांत गेल्या त्या तिच्या नावानिशी. २०२१ मध्ये ती वारली. त्याच मुलखातली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९७५ च्या सुमारास डेल चिहुली या प्रसिद्ध काच कलावंताने नवाहो घोंगड्यांची नक्षी काचेच्या उभ्या भांड्यांवर उतरविली. ती भांडी जगभर चिहुलीची म्हणून ओळखली जातात. मूळ घोंगड्या विणणाऱ्या बायांची नावे त्या काचेवर नाहीत.

गेल्या भाद्रपदात मी कुंभारवाड्यात भुलाबाई घ्यावयास गेलो होतो. एक म्हातारी बाई भुलोजीच्या फेट्याला रंग देत होती. हात इतका स्थिर, की मी पैसे द्यावयाचे विसरून पाहत राहिलो. मी म्हटले, ‘‘मावशी, मागच्या बाजूला तुमचं नाव टाका.’’ ती हसली. ‘‘नाव टाकून काय करता भाऊ? पान्यात त घालाच्या हायेत!’’ मी हट्ट धरला तेव्हा ती म्हणाली की तिला अक्षर येत नाही, नातीला शाळेतून येऊ द्या. नात आली. तिने पेन्सिलीने भुलाबाईच्या पाठीवर आजीचे नाव लिहिले, आणि आजीने त्यावर पांढऱ्या रंगाचा कुंचला बेताने फिरविला. ती मूर्ती मी विसर्जित केली नाही. आमच्या युनियनच्या कचेरीत, वर्गणीच्या वह्यांच्या कपाटावर ठेविली आहे.