रोबॉट: वेठीतून अंतराळात

‘रोबॉट’ म्हटलं की पत्र्याचं अंग आणि लुकलुकणारे दिवे डोळ्यांपुढे येतात. मूळ शब्दात मात्र माणसाचा घाम आहे. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे जमीनदारासाठी राबायची वेठ. हॅब्सबर्ग साम्राज्यात ती १८४८ साली रद्द झाली.

चेक नाटककार कारेल चापेक १९२०च्या ‘आर.यू.आर.’ नाटकातल्या कृत्रिम कामगारांना ‘लाबोरी’ म्हणणार होता; ‘रोबॉट’ सुचवलं त्याच्या चित्रकार भावाने, योसेफने. ते कामगार धातूचे नव्हते.

पुढे अमेरिकी कॉमिक्समध्ये रोबॉट सर्रास पोलादी झाला. तरी शब्दातली वेठ तिथेही जागी राहिली, आणि याचा सर्वांत धारदार दाखला म्हणजे ‘वीअर्ड फँटसी’त १९५३ साली आलेली ‘जजमेंट डे’. लेखक अल फेल्डस्टीन, चित्रकार जो ऑर्लँडो. अंतराळवीर टार्लटन रोबॉटांचा ग्रह तपासतो. आतली यंत्रणा एकच, पण नारिंगी रोबॉट मानाचे आणि निळ्यांना बसमध्ये मागची जागा! ग्रह नापास होतो. अखेरीस शिरस्त्राण उतरतं, तेव्हा कळतं की टार्लटन कृष्णवर्णीय आहे.

१९५६च्या पुनर्मुद्रणावेळी कॉमिक्सच्या नियामकांनी त्याचा वर्ण बदलायला सांगितलं. प्रकाशक विल्यम गेन्सने ठाम नकार दिला आणि गोष्ट होती तशीच छापली.