शंभर वर्षांचं औषध, तीन दिवसांचं बाळ

मित्रांनो, संशोधनाचा विषय शोधताना एक सवय लावून घ्या. ‘हे औषध लागू पडतं’ असं वाक्य दिसलं की विचारा, लागू पडलं हे मोजलं कशाने? नवजात बाळांच्या झटक्यांचा इतिहास या एका प्रश्नाभोवतीच फिरतो.

१९१२ मध्ये जर्मनीत बायर कंपनीने फेनोबार्बिटाल ‘ल्युमिनाल’ या नावाने झोपेचं औषध म्हणून बाजारात आणलं. त्याच वर्षी आल्फ्रेड हाउप्टमान या तरुण डॉक्टरने नोंदवलं, की ते दिल्यावर अपस्माराच्या रुग्णांचे झटके कमी होतात. पुढे हेच औषध नवजात बाळांनाही पहिलं म्हणून दिलं जाऊ लागलं. पण बाळ म्हणजे छोटा मोठा माणूस नव्हे. त्याचं यकृत औषध हळू निकामी करतं, त्यामुळे ते शरीरात जास्त काळ रेंगाळतं. डोस वाढला की श्वास मंदावण्याची भीती असतेच.

नीट तुलना व्हायला १९९९ उजाडलं. अमेरिकेत ५९ बाळांवर फेनोबार्बिटाल आणि फेनिटॉइन यांची चाचणी झाली. झटके आटोक्यात आले अनुक्रमे ४३ आणि ४५ टक्के बाळांत. म्हणजे दोन्ही औषधं सारखीच, आणि दोन्ही अपुरी! इथे यश मोजलं होतं ईईजीवर, म्हणजे मेंदूच्या विद्युत आलेखावर.

डोळ्यांनी मोजलं असतं तर? २००८ मध्ये आयर्लंडच्या संशोधकांनी ते तपासलं. ईईजीवर ५२६ झटके सापडले. वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांनी झटका म्हणून १७७ प्रसंग नोंदवले होते. दोन्हींत जुळले फक्त ४८. बहुतेक झटके नुसते बघून कळलेच नाहीत, आणि जे झटके वाटले त्यातले बरेचसे झटके नव्हते. त्यात आणखी एक गुंता आहे. फेनोबार्बिटाल दिल्यावर हातापायांची हालचाल थांबते, पण मेंदूतला झटका कधीकधी चालूच राहतो. बाळ शांत दिसतं, आपण म्हणतो, ‘औषध लागू पडलं.’

बरं, सरळ जास्त औषध द्यावं का? २००२ मध्ये उंदरांच्या नवजात पिल्लांवरच्या प्रयोगात दिसलं, की फेनोबार्बिटालसह अनेक झटकेरोधक औषधांनी वाढत्या मेंदूतल्या पेशी मरतात. उंदरांवरचा निष्कर्ष बाळांना जसाच्या तसा लावता येत नाही, पण काळजी खरी होती. म्हणून नव्या, सौम्य वाटणाऱ्या लेव्हेटिरॅसिटामकडे अनेक डॉक्टर वळले. २०२० मध्ये ईईजी सतत चालू ठेवून दोघांची तुलना झाली. २४ तास झटक्यांशिवाय गेले फेनोबार्बिटालच्या ८० टक्के बाळांत, लेव्हेटिरॅसिटामच्या फक्त २८ टक्के बाळांत. दुष्परिणाम मात्र फेनोबार्बिटालचे जास्त दिसले. जुनं औषध जिंकलं, पण किंमत घेऊन.

मग सुरक्षितता कुठे शोधायची? एक उत्तर कालावधीत मिळालं. अनेक बाळांना घरी जातानाही औषध चालूच ठेवायची पद्धत होती, कुठे कुठे महिनोन्‌महिने. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ९ केंद्रांतल्या ३०३ मुलांचा अभ्यास आला. तात्कालिक कारणाने झटके आलेल्या या मुलांत, घरी जाण्याआधी औषध थांबवलेली आणि चालू ठेवलेली मुलं २४ महिन्यांच्या वयात तपासली. विकासात किंवा अपस्माराच्या प्रमाणात ठळक फरक आढळला नाही. हा निरीक्षणात्मक अभ्यास होता, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, हेही लक्षात ठेवा. तरी २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी अशा झटक्यांसाठी हीच दिशा धरली: पहिलं औषध फेनोबार्बिटाल, आणि झटके थांबले की घरी पाठवण्याआधी बंद.

आणि अधिकृत मान्यता? नवजात बाळांच्या झटक्यांसाठी अमेरिकेत फेनोबार्बिटालला ती २०२२ मध्ये मिळाली. ल्युमिनालनंतर ११० वर्षांनी.

तुमच्या विषयातही असं एखादं ‘ल्युमिनाल’ असेल, सगळे वापरतात म्हणून कुणी न तपासलेलं. ते जुनं आहे म्हणून टाकून देऊ नका आणि जुनं आहे म्हणून मानूही नका. आधी बघा, मोजपट्टी कोणती होती.