संगणकांच्या ताफ्याची वाचनपद्धति



वार्षिक परीक्षा आटोपली, कीं आम्हां शिक्षकांपुढें प्रगतिपुस्तकें भरण्याचें काम उभें राही. गुणांच्या याद्या विषयवार असत; आम्हांला मात्र एकेका मुलाचे सर्व विषयांतले गुण हवे असत. कपाट एक, शिक्षक चार. जो तो एकेका आंकड्यासाठीं कपाटाशीं जाई आणि इतरांचा खोळंबा करी. जगांतील मोठमोठ्या संगणकांवरहि नेमका हाच प्रसंग ओढवला होता.

१९९४ सालीं अमेरिकेंतील नासा या संस्थेच्या गोडार्ड केंद्रांत थॉमस स्टर्लिंग व डोनाल्ड बेकर यांनीं बाजारांत मिळणारे साधे १६ संगणक तारांनीं जोडून 'बेओवुल्फ' नांवाचा ताफा उभा केला. महासंगणकाचें काम थोड्या पैशांत होऊं लागलें व तसे ताफे अनेक विद्यापीठांत दिसूं लागले. गणित करणारे हात वाढले खरे. परंतु आंकड्यांची फाईल बहुधा एकाच यंत्राच्या तबकडीवर असे. ग्रामोफोनच्या सुईसारखें त्या तबकडीचें वाचणारें टोक जागा बदलावयास सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग घेई. आपणांस हा काळ क्षुल्लक वाटेल. तेवढ्यांत प्रोसेसर लक्षावधि आकडेमोडी उरकूं शकतो, पण तो बिचारा नुसता वाट पाहत बसे.

फाईलीचे तुकडे करून ते अनेक यंत्रांवर पसरावे, हा उपाय सहज सुचणारा होता. क्लेमसन विद्यापीठांतील 'पीव्हीएफएस' या व्यवस्थेनें, जिचें वर्णन २००० सालीं प्रसिद्ध झालें, तो ताफ्यांसाठीं अमलांत आणला. तींत एक कारभारी यंत्र तुकड्यांचा ठावठिकाणा सांगतें. पुढील देवघेव परस्पर चालते.

पण घोडें दुसरीकडेच पेंड खात होतें. डार्टमथ कॉलेजांतील डेव्हिड कॉट्झ व त्यांचे सहकारी यांनीं नासाच्या एम्स केंद्रांतील एका समांतर संगणकावर पाळत ठेवली होती. १९९४ सालीं त्यांनीं दाखविलें, कीं शेंकडा नव्वदांहून अधिक वाचनें चार हजार बाइटांहून लहान असत! मग कपाटें वाढवून काय होणार?

समजा, १००० ओळींचें व १००० रकान्यांचें कोष्टक ओळीमागून ओळ असें लिहिलें आहे, आणि चार प्रोसेसरांपैकीं प्रत्येकास २५० रकाने हवे आहेत. प्रत्येकजण प्रत्येक ओळींतला चतकोर मागेल. एकूण मागण्या ४०००. त्याऐवजीं प्रत्येकानें सलग २५० ओळी एकदम उचलून मग आपसांत वांटणी केली, तर मागण्या अवघ्या चार! तारेवरून आंकडे एकमेकांस देणें हें त्या टोकाला हजारदां नाचविण्यापेक्षां पुष्कळच स्वस्त पडतें. आम्हीहि अखेर एकेक यादी हातीं घेऊन गुण एकमेकांस वाचून दाखवूं लागलों होतों.

ही दोन टप्प्यांची युक्ति १९९३ सालीं हुआन मिगेल देल रोसारियो, राजेश बोर्डवेकर व आलोक चौधरी यांनीं मांडली. (मधलें आडनांव आपल्या कानांस परकें वाटणार नाहीं.) १९९७ च्या 'एमपीआय-२' या नियमावलींत सर्वांनीं मिळून वाचण्याच्या आज्ञा आल्या, आणि शिकागोजवळील आर्गॉन प्रयोगशाळेंतील राजीव ठाकूर, विल्यम ग्रॉप व यूइंग लस्क यांनीं 'रोमिओ' या नांवानें ही युक्ति सर्वांच्या हातीं दिली. माझ्या मतें नवीं यंत्रें घडविणाऱ्यांइतकेंच श्रेय मागण्याची रीत सुधारणाऱ्या या मंडळींना द्यावयास हवें.

अर्थात् प्रत्येकास हवा तो भाग आधींच सलग असेल, तर हा खटाटोप व्यर्थ होय. शिवाय सर्वांनीं एकत्र यावें लागतें. एकास उशीर झाला, कीं सगळेच थांबतात. आमच्या चौघांतहि एक जण नेहमीं चहाला गेलेला असे.