कडी आली ६५ वर्षांनी

तुळजापूरच्या बाजारातून घडीचा नवा चाकू आणला. चौथा! घरचे म्हणतात, डॉगरिजवर द्राक्षाचं कलम करायला एक पुरतो की. पुरतो. पण अण्णांच्या अंगठ्यावरचा वण बघा. काडीची पाचर तासताना घडी मिटली होती.

फ्रान्समधल्या सावोयच्या जोसेफ ओपिनेलनं १८९० ला लाकडी मुठीचा साधा चाकू काढला, शेतकऱ्यांच्या खिशात तो बसलाच. पातं अडकवणारी फिरती कडी मात्र १९५५ ला आली. तोवर किती बोटं कापली असतील, राव!

आपल्याकडं खटक्याचा रामपुरी होता, त्याला सिनेमानं गुंडाच्या हातात दिला.

माझा नवा कडीचा आहे. अण्णा सकाळपासून कडी फिरवत बसलेत, परत द्यायचं नाव नाही.