अलिबागची चुंबकीय वेधशाळा आणि संशोधन-सहकार्याचे मोजमाप

संशोधकाचे मोल त्याच्या सहकाऱ्यांवरून अजमावण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बळावली. डेरेक प्राइस आणि डोनाल्ड बीव्हर यांनी १९६६ साली एका संशोधक-समूहाच्या लेखनाची छाननी केली, तेव्हा सर्वाधिक लेखन करणाराच सर्वाधिक सहकारी असलेला आढळला. २००१ मध्ये मार्क न्यूमन यांनी सहलेखनाच्या जाळ्याचे गणित मांडले. एका निबंधावर दोन नावे आली की त्यांच्यात दुवा मानावयाचा. लेखक जितके अधिक, तितका प्रत्येक दुवा दुबळा. ही रीत सुटसुटीत खरी. परंतु ती सहकार्याची एकच खूण ओळखते, आणि ती म्हणजे लेखकाचे नाव. ही खूण कितपत पुरेशी आहे, हे अलिबागच्या वेधशाळेच्या इतिहासावरून पडताळता येते.

मुंबईतील कुलाबा येथे १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने वेधशाळा स्थापिली. तेथे १८४१ पासून भूचुंबकीय निरीक्षणे होऊ लागली. पुढे शहरातील ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचे ठरले, तेव्हा विद्युत्प्रवाहामुळे नाजूक उपकरणांच्या नोंदी दूषित होणार हे उघड झाले. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांच्या कारकीर्दीत चुंबकीय विभागासाठी अलिबागची निवड झाली. हे गाव त्या काळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील होय. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या. या तुलनेमुळेच जुनी मालिका नव्या मालिकेस जोडता आली. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या निरीक्षणांचा मूस यांनी सिद्ध केलेला ग्रंथ १९१० साली दोन भागांत प्रसिद्ध झाला.

या चिकाटीचे फळ फार उशिरा दिसले. सप्टेंबर १८५९ मधील प्रचंड चुंबकीय वादळाचे वेध कुलाब्याच्या निरीक्षकांनी डोळ्यांनी उपकरण वाचून टिपले होते. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ, गुरबक्ष लखीना आणि एस. अॅलेक्स यांनी याच नोंदींवरून क्षैतिज चुंबकीय बलात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट झाल्याचे दाखविले. अमेरिका, ब्राझील आणि भारत यांना जोडणाऱ्या या निबंधातून सहलेखनाचे सहा दुवे निर्माण होतात. न्यूमन यांच्या पद्धतीने प्रत्येकाचे वजन एकतृतीयांश. १८५९ च्या निरीक्षकाला मात्र या जाळ्यात स्थान नाही. वस्तुतः त्याच्यावाचून निबंधच संभवत नव्हता.

यावरून सहलेखनाचे मोजमाप निरर्थक ठरत नाही. समकालीन विद्वानांचा परस्परसंबंध त्यातून नीट कळतो. परंतु पिढ्यापिढ्यांतील सहकार्य त्याच्या कक्षेत येत नाही. मालिका अखंड राखणे, उपकरणे पडताळणे, स्थलांतरात दोन ठिकाणच्या नोंदींचा मेळ घालणे, या कामांतून सहलेखक क्वचितच लाभतात. नेमणूक आणि बढती केवळ सहलेखनाच्या जाळ्यावरून ठरू लागली, तर अशी कामे पत्करण्यास कोणी पुढे येणार नाही, आणि पुढील शतकातील अभ्यासकास नोंदीच मिळणार नाहीत. म्हणून विभागाने संशोधकाचे मूल्यमापन करताना त्याने कोणाबरोबर लिहिले यासोबत त्याने पुढच्यांसाठी काय जतन केले, हेही तपासणे अगत्याचे आहे.