'व्हेन अ मॅन लव्हज अ वुमन' : एका प्रेमगीताची दोन रूपे आणि स्वामित्वाचा प्रश्न

अमेरिकन लोकप्रिय संगीताच्या इतिहासात पुनर्गायनाचा, म्हणजे 'कव्हर'चा, विचार बहुधा वर्णभेदाच्या अंगाने केला जातो. कृष्णवर्णीय गायकाने गीत घडवावे आणि श्वेतवर्णीय गायकाने ते गाऊन धन व कीर्ती मिळवावी, असे या विवेचनाचे ठरीव सूत्र असते. १९५० च्या दशकापुरते ते बऱ्याच अंशी खरेही आहे. तथापि पर्सी स्लेज यांनी १९६६ मध्ये गायिलेले आणि मायकेल बोल्टन यांनी १९९१ मध्ये पुन्हा गायिलेले 'व्हेन अ मॅन लव्हज अ वुमन' हे प्रेमगीत तपासले असता हे सूत्र अपुरे वाटू लागते. येथे गायकाच्या वाट्याला काय आले, हे त्याच्या वर्णाइतकेच गीतकार-संगीतकार म्हणून कागदोपत्री कोणाचे नाव नोंदले गेले यावर ठरले, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

स्लेज हे अलाबामा राज्यातील लेटन या गावचे. उपजीविकेसाठी ते रुग्णालयात रुग्णसेवकाचे काम करीत आणि सुटीच्या दिवशी 'एस्क्वायर्स कॉम्बो' या वाद्यवृंदाबरोबर गात. जवळच्या शेफील्ड गावी क्विन आयव्ही या नभोवाणी निवेदकाने ध्वनिमुद्रिकांचे दुकान आणि 'नोराला' नावाचा लहानसा ध्वनिमुद्रण कक्ष चालविला होता. तेथे १९६६ च्या प्रारंभी हे गीत मुद्रित झाले. निर्मितीत आयव्हींना मार्लिन ग्रीन यांची साथ होती. ऑर्गनवर स्पूनर ओल्डहॅम, तालवाद्यांवर रॉजर हॉकिन्स आणि ध्वनियंत्रावर जिमी जॉन्सन, हे सारे श्वेतवर्णीय तरुण होते. मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या सेल्मा येथील मोर्चावर याच राज्याच्या पोलिसांनी लाठ्या चालविल्याला तेव्हा जेमतेम एक वर्ष लोटले होते. त्या पार्श्वभूमीवर एका लहानशा खोलीत घडलेले हे सहकार्य लक्षणीय आहे. मात्र त्यावरून तेथे समता नांदत होती, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

गीताची बांधणी असाधारण आहे. त्याला वारंवार परतून येणारे धृपद नाही. ऑर्गनच्या दीर्घ स्वरांखाली खर्जाची ओळ पायरी पायरीने उतरत जाते आणि तिच्यावर गायकाचा आवाज विनवणीच्या सुरात चढत राहतो. ही रीत कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील गॉस्पेल गायनाची आहे. तेथे जी आर्तता ईश्वराला उद्देशून असते, ती येथे प्रेयसीकडे वळली आहे. सोल संगीताची ओळखच या स्थलांतरात आहे. स्लेज यांचा आवाज वरच्या स्वरांवर किंचित फाटतो. तो दोष कोणी दुरुस्त केला नाही, हे आपले भाग्यच म्हणावयाचे. अटलांटिक कंपनीने गीत वितरित केले आणि मे १९६६ मध्ये ते बिलबोर्डच्या सर्वसाधारण यादीत प्रथम क्रमांकावर पोहोचले. मसल शोल्स परिसरातून निघून हे स्थान गाठणारे ते पहिलेच गीत होते.

गीताचे रचनाकार म्हणून मात्र कॅल्व्हिन लुइस आणि अँड्र्यू राइट या दोघांची नावे नोंदली गेली. दोघेही स्लेज यांच्याच वाद्यवृंदातील. गीताचे मूळ आपल्या एका उत्स्फूर्त गाण्यात होते, चाल आपण लहानपणी शेतात काम करताना गुणगुणत असू, आणि श्रेय आपण सहकाऱ्यांना देऊन टाकले, असे स्लेज पुढे मुलाखतींतून सांगत. या कथनाचा निवाडा आज करता येणार नाही. परंतु कायद्यापुढे नोंद हेच प्रमाण. अमेरिकेत नभोवाणीवर गीत वाजले की रचनाकाराला स्वामित्वधन मिळते, गायकाला नाही. शिवाय १९०९ च्या कायद्याने आणलेल्या अनिवार्य परवान्यानुसार, एकदा प्रसिद्ध झालेले गीत ठरावीक रक्कम भरून कोणासही पुन्हा मुद्रित करता येते.

बोल्टन यांनी याच वाटेने ऑटिस रेडिंग यांचे 'डॉक ऑफ द बे' आधीच गायिले होते. त्यांचे 'व्हेन अ मॅन लव्हज अ वुमन' नोव्हेंबर १९९१ मध्ये प्रथम क्रमांकावर गेले आणि १९९२ मध्ये त्यांना त्यासाठी ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्यांचा आवाज बलदंड आहे, तारसप्तकावर हुकमत आहे. परंतु मूळ गायनातील असहायता येथे सामर्थ्याच्या प्रदर्शनात लोप पावते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. रचनेचे स्वामित्वधन ज्यांच्याकडे गेले त्यांत स्लेज नव्हते, कारण ते कायद्याने रचनाकारच नव्हते.

याच्या शेजारी ठेवून पाहावी अशी घटना बोल्टन यांच्या त्याच 'टाइम, लव्ह अँड टेंडरनेस' या संग्रहाने पुरविली आहे. त्यातील 'लव्ह इज अ वंडरफुल थिंग' हे गीत इसली ब्रदर्स यांच्या त्याच नावाच्या गीतावरून उचलले आहे, असा दावा करण्यात आला. इसलींचे गीतही १९६६ मध्येच प्रसिद्ध झालेले, पण फारसे कोणाला ठाऊक नसलेले. १९९४ मध्ये लॉस एंजेलिस येथील ज्यूरीने इसलींच्या बाजूने कौल दिला आणि भरपाई ५४ लाख डॉलरवर गेली. २००० मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. एकाच गायकाच्या एकाच संग्रहात १९६६ ची दोन सोल गीते अशी समोरासमोर येतात. जगभर गाजलेल्या गीताच्या गायकाला रचनेचा एक सेंटही मागता आला नाही. विस्मृतीत गेलेल्या गीताच्या गायकांना मात्र लाखो मिळाले, कारण रचनाकारही तेच होते. वर्णभेदाचे सूत्र एकटे या तफावतीचा उलगडा करू शकत नाही.

मूळ ध्वनिमुद्रणाचा प्रश्न आणखी जुना होता. अमेरिकेच्या संघीय कायद्याने ध्वनिमुद्रणांना संरक्षण दिले ते १५ फेब्रुवारी १९७२ पासून, आणि तेही त्यापुढच्या मुद्रणांना. १९९५ च्या कायद्याने डिजिटल प्रक्षेपणापुरता गायकाचा वाटा मान्य झाला, तरी १९७२ पूर्वीची मुद्रणे त्याबाहेर राहिली. ऑक्टोबर २०१८ मध्ये संमत झालेल्या 'म्युझिक मॉडर्नायझेशन ॲक्ट'ने ती त्याच्या कक्षेत आणली. स्लेज यांचे त्यापूर्वीच, १४ एप्रिल २०१५ रोजी, लुइझियाना राज्यातील बॅटन रूज येथे निधन झाले होते.